शिरोडकरांचा टाका, गडचिरोलीची दोन गावे आणि अपुऱ्या दिवसांची बाळे

सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही. मोहोळच्या पेठेपासून कोकणातल्या वाडीपर्यंत ही समजूत जुन्या बायकांच्या तोंडी अजूनही ऐकू येते. तिचे वय थक्क करणारे आहे. ग्रीक वैद्यकात हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत आठमाही बालकावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि तेथेही निष्कर्ष हाच. आयुर्वेदाने त्याला कारणही दिले: आठव्या महिन्यात 'ओज' माता आणि गर्भ यांच्यात ये-जा करीत असते, म्हणून त्या काळात झालेली प्रसूती धोक्याची.

वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. गर्भाशयात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाची फुप्फुसे, मेंदू आणि आतडी अधिक पक्की करतो. पण दोन हजार वर्षांहून जुनी ही चूक एक गोष्ट सांगून जाते. अपुऱ्या दिवसांची बाळे हा माणसाच्या स्मृतीतला फार जुना सल आहे आणि त्यांची मोजदाद प्रत्येक संस्कृतीने आपापल्या परीने ठेवली होती.

आजची व्याख्या सोपी आहे: ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वीची प्रसूती ती मुदतपूर्व. ती इतकी सोपी मात्र पूर्वी नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जन्मवेळी अडीच किलो किंवा त्याहून कमी भरलेले प्रत्येक बाळ 'अकाली जन्मलेले' म्हणूनच नोंदले जाई. जागतिक आरोग्य संघटनेने १९६१ मध्ये ही गल्लत दूर केली आणि 'कमी वजनाचे' व 'कमी दिवसांचे' हे दोन वर्ग वेगळे झाले. त्यामुळे जुन्या नोंदवह्या वाचताना सावध राहावे लागते. तेथे 'अकाली' म्हणून लिहिलेली अनेक बाळे पूर्ण दिवसांची, पण उपाशी आईच्या पोटी वाढलेली असत.

प्रश्न असा की मूल लवकर का येते? घसरून पडणे, जड उचलणे, भीती, ग्रहण, दृष्ट ही उत्तरे घराघरांत होती. वैद्यांची उत्तरे काहीशी वेगळी होती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात वीस 'योनिव्यापद' सांगितल्या आहेत. त्यांतली 'उपप्लुता' ही गर्भिणीलाच होणारी, पांढरा स्राव हे तिचे लक्षण. 'पुत्रघ्नी' या व्याधीत गर्भ पुन:पुन्हा नष्ट होतो. या वर्णनांत जंतू शोधू नयेत. ग्रंथकारांसमोर वात-पित्त-कफ होते, सूक्ष्मदर्शक नव्हता. पण स्राव आणि गर्भ यांची वर्णने एकाच अध्यायात शेजारी शेजारी आली, एवढे मात्र नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

पुढचा दुवा परदेशातून आला, तोही रोगाच्या रूपाने. सोळाव्या शतकातील भावमिश्राने 'भावप्रकाश' ग्रंथात 'फिरंग' रोगाचे वर्णन केले. नावातच पत्ता आहे: पोर्तुगीजांबरोबर आलेला उपदंश, म्हणजे मराठी बोलीतली 'गर्मी'. हा जननमार्गाचा जिवाणूजन्य रोग. आईला असेल तर तो वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो आणि गर्भपात, मृत जन्म किंवा अकाली प्रसूती घडवतो. जननमार्गातल्या जिवाणूमुळे मूल दिवसांआधी जन्मते याचे वैद्यकापुढे आलेले पहिले निर्विवाद उदाहरण उपदंशाचेच होते.

ब्रिटिश सरकारला या रोगाची काळजी होती, पण ती बाळांसाठी नव्हती. ती गोऱ्या सैनिकांसाठी होती. १८६४ च्या छावणी कायद्याने आणि १८६८ च्या संसर्गजन्य रोग कायद्याने वेश्यांची नोंदणी, सक्तीची तपासणी आणि रोग आढळल्यास 'लॉक हॉस्पिटल'मध्ये कोंडणे ही पद्धत रूढ केली. मुंबईत तो कायदा १८७० मध्ये लागू झाला, दोन वर्षांत गुंडाळला गेला, १८८० मध्ये परत आला आणि १८८८ मध्ये रद्द झाला. या सगळ्या कारभारात स्त्रीचे शरीर तपासले गेले ते पुरुषाला रोग लागू नये म्हणून. तिच्या पोटी जन्मणाऱ्या मुलाचे काय, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेत कुठेच नव्हता. पुढची शंभर वर्षे मराठी मुलखातल्या स्त्रीला गुप्तांगाची तपासणी म्हणजे बेअब्रू वाटत राहिली. लाज ही त्याची जुनी आणि मोठी बाजू. तपासणीची ही सरकारी ओळख काही तिला धीर देणारी नव्हती.

उपदंशाचा जिवाणू १९०५ मध्ये बर्लिनमध्ये शाउडिन आणि होफमान यांनी दाखवला. पेनिसिलिनने तो बरा होतो हे १९४३ मध्ये सिद्ध झाले. आणि १९५५ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागले. एका शत्रूपुरते तरी औषध दाराशी आले होते.

१९५५ हे वर्ष या कथेत विलक्षण आहे. त्याच वर्षी मद्रासहून निघणाऱ्या 'अँटिसेप्टिक' या मासिकात मुंबईच्या एका शल्यविशारदाचा लेख आला. त्याचे नाव डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर.

शिरोडकरांचा जन्म १८९९ चा, गोव्यातल्या शिरोडे गावचा. शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, नंतर इंग्लंडमध्ये एफ.आर.सी.एस. जे. जे. रुग्णालयात स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांनी काम केले. त्यांच्यासमोर एका ठरावीक प्रकारच्या रुग्ण येत. पहिली खेप चौथ्या-पाचव्या महिन्यात वाया गेलेली, दुसरी सहाव्यात, तिसरीही तशीच. कळा फारशा नाहीत, रक्तस्राव नाही. गर्भाशयाचे मुख आपोआप उघडे, पाणमोट खाली उतरते, फुटते आणि सारे संपते.

त्या काळी अशा स्त्रियांना दोनच गोष्टी मिळत: अंथरुणावर सक्तीची विश्रांती आणि हार्मोनची औषधे. पाश्चात्त्य देशांत डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम हार्मोन गर्भ टिकावा म्हणून लाखो स्त्रियांना दिले गेले. त्याचा उपयोग होत नाही हे १९५३ मध्ये शिकागोच्या चाचणीने दाखवले, तरी ते दिले जातच राहिले. १९७१ मध्ये त्याचा हिशोब कळला: ज्या मातांनी ते घेतले होते त्यांच्या मुलींमध्ये तरुणपणी योनीचा एक अतिदुर्मीळ कर्करोग आढळू लागला. हे उदाहरण पुढच्या कथेसाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. गर्भ वाचवण्याच्या तळमळीने दिलेले औषध तपासल्याविना दिले गेले, तर त्याची किंमत पुढची पिढी मोजते.

शिरोडकरांचा विचार कारागिराचा होता. दाराची कडी निखळली असेल तर दार बांधून ठेवावे. रुग्णाच्याच मांडीच्या स्नायूंवरील चिवट आवरणाची एक पट्टी काढायची, गर्भाशयमुखाच्या वरच्या भागाभोवती ती आतून फिरवायची आणि आवळून शिवायची. दिवस भरत आले की टाका सोडायचा किंवा शस्त्रक्रियेने प्रसूती करायची. जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत ही क्रिया 'शिरोडकर टाका' म्हणून ओळखली गेली. दोन वर्षांनी मेलबर्नच्या इयन मॅकडोनाल्ड यांनी बटव्याच्या दोरीसारखा आवळणारा सोपा टाका सांगितला. आज बहुतेक ठिकाणी तो घातला जातो, पण मूळ कल्पनेला गोव्यातल्या त्या गावाचेच नाव चिकटले आहे. ज्या स्त्रियांची एकही खेप टिकली नव्हती त्यांच्या मांडीवर मूल आले, ही त्या टाक्याची कमाई. १९७१ मध्ये शिरोडकरांना पद्मविभूषण मिळाले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

शिरोडकरांनी दार बांधले. पण कडी मुळात का निखळली? काही स्त्रियांत ती जन्मत:च सैल असते, काहींत आधीच्या प्रसूतीत किंवा शस्त्रक्रियेत फाटलेली असते. आणि काहींत? अमेरिकेतील रोबेर्तो रोमेरो यांच्या गटाने १९९२ मध्ये, दिवसांआधीच गर्भाशयमुख उघडलेल्या स्त्रियांच्या पाणमोटेतील पाणी तपासले. जवळपास निम्म्या जणींच्या पाण्यात जिवाणू होते. म्हणजे काही घरांत कडी आपोआप निखळली होती, तर काहींत चोराने ती आतून काढली होती, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही दारे सारखीच उघडी दिसत होती.

चोराची पहिली ओळख पुन्हा १९५५ मधलीच. टेक्सासच्या ह्यूस्टन शहरात हर्मन गार्डनर आणि चार्ल्स ड्यूक्स यांनी त्या वर्षी जाहीर केले की ज्या योनिस्रावाला आजवर 'अविशिष्ट' म्हणून मोडीत काढले जात होते, त्यामागे एक ठरावीक जिवाणू आहे. आज त्याला गार्डनरेला म्हणतात. आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी त्यांनी निरोगी स्त्रियांच्या शरीरात तो जिवाणू सोडून पाहिला. आजची कोणतीही नैतिकता समिती अशा प्रयोगाला क्षणभरही परवानगी देणार नाही. त्यात निघाले ते मात्र विचार करायला लावणारे होते. प्रयोगशाळेत वाढवलेला शुद्ध जिवाणू दिला तेव्हा बहुतेक जणींना काहीच झाले नाही. आजारी स्त्रीचा स्राव जसाच्या तसा दिला तेव्हा बहुतेक जणींना विकार जडला.

याचा अर्थ कळायला पुढची तीन-चार दशके गेली. हा विकार एकट्यादुकट्या जंतूचा नाही, वस्ती बदलण्याचा आहे. निरोगी योनीत बहुधा लॅक्टोबॅसिलस जातीच्या जिवाणूंचे राज्य असते. दह्यात असतात त्यांचेच हे भाऊबंद. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आंबट वातावरणात इतरांची डाळ शिजत नाही. हे राज्य मोडले की गार्डनरेला आणि प्राणवायूविना जगणाऱ्या कितीतरी जाती एकदम माजतात. स्राव पातळ होतो, वास येतो. कित्येक स्त्रियांना तर काहीच जाणवत नाही.

गर्भारपणात या वस्तीबदलाला वेगळे वजन येते. गर्भाशयमुखात चिकट स्रावाचे घट्ट बूच असते. ते ओलांडून जिवाणू वर चढले की पाणमोटेच्या पडद्यांपर्यंत पोहोचतात. शरीर त्यांच्याशी लढायला उठते आणि या लढाईतच घात होतो. दाह झाला की प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये निर्माण होतात. प्रसूतीच्या कळा आणणारी द्रव्येही हीच. पांढऱ्या पेशी सोडतात ती पाचके पडद्यांचे आणि गर्भाशयमुखाचे धागे कुरतडतात. पाणमोट फुटते, कळा सुरू होतात. जिवाणूंनी मुलाला बाहेर ढकललेले नसते. आईच्या शरीराने संकट ओळखून मूल बाहेर काढलेले असते, दिवस भरण्याच्या कितीतरी आधी.

ही साखळी एका दिवसात जुळली नाही. पाणमोट अवेळी फुटण्यामागे संसर्ग असावा, असे नॉक्स आणि होर्नर यांनी १९५० मध्येच मांडले होते. १९७१ मध्ये बॉस्टनच्या एका चाचणीत टेट्रासायक्लिन घेतलेल्या गर्भवतींमध्ये कमी वजनाची बाळे कमी आढळली आणि आशा पालवली. १९९५ मध्ये अमेरिकेतील दहा हजारांहून अधिक गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या योनीतील वस्ती बदललेली होती त्यांना कमी दिवसांचे आणि कमी वजनाचे बाळ होण्याची शक्यता सुमारे दीडपट निघाली. गर्भाशयातील संसर्ग हा अकाली प्रसूतींच्या किमान चतुर्थांश प्रकरणांत असावा, असा अंदाज शतकाच्या शेवटी बांधला गेला.

हे सारे अभ्यास मोठ्या रुग्णालयांतले. खेड्यातल्या स्त्रीच्या शरीरात काय चालले आहे, हे तेव्हा जगात कोणालाच ठाऊक नव्हते. ते पहिल्यांदा कळले महाराष्ट्रातून.

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. चारच वर्षांनी, अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतलेले डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग तेथे कामाला लागले. त्यांच्या संस्थेचे नाव 'सर्च'. राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ. गावातल्या बायका त्यांच्याशी जे बोलत ते कोणत्याही सरकारी तक्त्यात नव्हते. तक्त्यात रकाने होते ते कुटुंबनियोजनाचे, प्रसूतीचे, लसीकरणाचे. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, संबंधाच्या वेळी वेदना, पाळीचा त्रास यांना रकानाच नव्हता. स्त्रीचे शरीर शासनाला दिसायचे ते गरोदर असताना, नाहीतर नसबंदीच्या टेबलावर.

वसा आणि अमिर्झा. गडचिरोलीतली ही दोन गावे आज जगभरच्या सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेत. या गावांतल्या तेरा वर्षांवरील स्त्रियांना, तक्रार असो वा नसो, तपासणीसाठी बोलावण्यात आले. सुमारे ६५० जणी आल्या. हा आकडा म्हणजेच एक पराक्रम होता. ज्या समाजात पुरुष डॉक्टरला नाडी दाखवतानाही पदर सावरला जातो, तेथे शेकडो स्त्रिया आतून तपासून घ्यायला तयार झाल्या, त्या डॉक्टर बाई होती आणि त्यांचे ऐकून घेत होती म्हणून. तपासणीला प्रयोगशाळेची जोड होती: स्रावाचे नमुने, रक्त, उपदंशाची चाचणी.

जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'ने निष्कर्ष छापले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोगांपैकी किमान एक होता. सरासरी दरडोई ३.६ रोग. एकूण रोगांपैकी निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे. आणि याआधी कधीतरी स्त्रीरोगाची तपासणी आणि उपचार झालेल्या किती? फक्त ८ टक्के.

त्याहूनही बोलका आकडा आणखी एक होता. तपासलेल्यांपैकी ४५ टक्के स्त्रियांची काहीच तक्रार नव्हती. दुखणे इतके सार्वत्रिक होते की ते बाईपणाचाच भाग समजले जाई. 'बाईच्या जातीला हे असायचंच' हे वाक्य मराठी घरांत नवे नाही. गडचिरोलीने त्या वाक्याला प्रथमच टक्केवारी दिली.

येथे एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी, कारण समाजमाध्यमांवर ती बहुधा हरवते. वसा-अमिर्झाचा अभ्यास गर्भवतींचा नव्हता आणि त्याने अकाली प्रसूतीचे कारण सिद्ध केले नाही. त्याने दाखवले ते एवढेच की ज्या संसर्गांकडे जग आता संशयाने पाहू लागले होते, ते भारतीय खेड्यात अपवाद नसून नियम आहेत. पण 'एवढेच' हा शब्दही फसवा आहे. १९९४ च्या कैरो परिषदेत लोकसंख्या नियंत्रणाची भाषा मागे पडून प्रजनन आरोग्याची भाषा पुढे आली, आणि १९९७ मध्ये भारत सरकारने प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू केला. त्या वळणामागच्या पुराव्यांत ही दोन गावे होती.

मग सरळ उपाय असा दिसतो: पांढरे जाते म्हणणाऱ्या प्रत्येकीला औषध द्यावे. पुष्कळ ठिकाणी तसेच झाले. त्याला खीळ घातली गोव्याने. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात दोन हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी केली आणि २००५ मध्ये निष्कर्ष मांडला. स्रावाची तक्रार करणाऱ्या बहुतेक जणींत तिचा संबंध संसर्गापेक्षा मानसिक ताण, थकवा आणि घरातल्या कुचंबणेशी अधिक होता. 'धातू जाते आणि अशक्तपणा येतो' ही आपल्याकडची जुनी भाषा. शरीराच्या एका शब्दात मनाचे दुखणे सांगितले जात होते. म्हणजे चित्र दोन्ही बाजूंनी अवघड झाले. जिला संसर्ग आहे ती बोलत नाही, आणि जी बोलते तिला बरेचदा वेगळेच काही सांगायचे असते.

गर्भवतींच्या बाबतीत तर पायाखालची वाळूच सरकली. संसर्गामुळे मूल लवकर येते, तर संसर्ग मारला की मूल वेळेवर येईल, हे तर्काला पटणारे होते. २००० मध्ये अमेरिकेत, लक्षणे नसलेल्या पण वस्ती बदललेल्या सुमारे दोन हजार गर्भवतींवर मेट्रोनिडॅझोलची चाचणी झाली. जिवाणू गेले, अकाली प्रसूती तेवढ्याच राहिल्या. २०१८ मध्ये फ्रान्सच्या मोठ्या चाचणीत क्लिंडामायसिननेही काही साधले नाही.

सर्वांत कटू धडा ब्रिटनच्या 'ओरॅकल' चाचणीचा. दिवसांआधी कळा सुरू झालेल्या, पण पाणमोट शाबूत असलेल्या हजारो स्त्रियांना प्रतिजैविके दिली गेली. २००१ मध्ये कळले की फायदा नाही. २००८ मध्ये, ती मुले सात वर्षांची झाल्यावर, कळले की नुकसान आहे: औषध मिळालेल्यांच्या मुलांत मेंदूचा पक्षाघात अधिक होता. स्टिल्बेस्ट्रॉलची आठवण येथे अटळ आहे. फरक एवढाच की या वेळी कोणीतरी सात वर्षे थांबून मोजले. पाणमोट आधीच फुटलेली असेल तेथे मात्र एरिथ्रोमायसिनचा थोडा लाभ दिसला आणि तो उपचार आजही आहे.

तर्क चुकला कोठे? एक शक्यता अशी की औषध पोहोचते तेव्हा उशीर झालेला असतो, दाहाची ठिणगी आधीच पडलेली असते. दुसरी अशी की प्रतिजैविक वाईट वस्ती उठवते, पण चांगली वसवत नाही. शिवाय वस्ती बदललेल्या बहुतेक स्त्रियांची प्रसूती वेळेवरच होते. जिवाणू सर्वांच्या दाराशी असतात, आग काहींच्याच घरात लागते. ती कोणाच्या शरीरात भडकते हे त्या शरीराच्या दाहप्रवृत्तीवरही अवलंबून असते.

या तिसऱ्या शक्यतेला बळ देणारे काम पुन्हा मराठी मुलखाशी जोडलेले आहे. सहा देशांतल्या एका चाचणीत, जिची भारतातील केंद्रे नागपूर आणि बेळगाव येथे होती, पहिलटकरणींना गर्भारपणाच्या सुरुवातीपासून रोज ८१ मिलिग्रॅम अॅस्पिरिन देण्यात आले. २०२० मध्ये निकाल आला: अकाली प्रसूतींचे प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर. घट लहान आहे, पण खरी आहे, आणि ती जिवाणू मारणाऱ्या औषधाने झालेली नाही. याच दोन केंद्रांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीतही भाग घेतला. प्रसूतीच्या वेळी अॅझिथ्रोमायसिनची एकच मात्रा दिल्याने मातांमधील जंतुदोष घटला, बाळांच्या मृत्यूंत मात्र फरक पडला नाही.

शिरोडकरांच्या टाक्यालाही शेवटी जिवाणूंनी गाठले. मांडीच्या पट्टीची जागा पुढे विणलेल्या कृत्रिम फितीने घेतली होती. २०१६ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवले की विणलेल्या धाग्याच्या फटींत जिवाणू घर करतात आणि योनीतील वस्ती बिघडते; एकेरी गुळगुळीत धाग्याने तसे होत नाही. धागा बदलावा, असा सूर उठला. पण २०२२ मध्ये ब्रिटनमधील सुमारे दोन हजार स्त्रियांच्या चाचणीने सांगितले की गर्भ गमावण्याच्या प्रमाणात दोन्ही धाग्यांत फरक नाही. प्रयोगशाळेत पटलेले प्रत्यक्ष बाळंतपणात उतरले नाही, हे या विषयात किती वेळा घडावे!

प्रसूती लांबवता येत नसेल तर आलेले बाळ जगवावे, हा दुसरा मार्ग. त्यावरही मराठी पावले लवकर पडली. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभी केली, ती प्रामुख्याने अशाच बाळांसाठी. वर्ष तेच, वसा-अमिर्झाचे.

आणि गडचिरोलीत बंग दांपत्याने गावातल्या कमी शिकलेल्या स्त्रियांना 'आरोग्यदूत' केले. बाळाला ऊब देणे, दूध ओढत नसेल तर पाजायला शिकवणे, श्वास मोजणे आणि जंतुदोषाची चिन्हे दिसताच जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे हे त्यांचे काम. सातवी-आठवी शिकलेल्या बाईच्या हाती सुई देण्यावर वैद्यक क्षेत्रात मोठी खळबळ उडाली. ३९ गावांत हे काम झाले आणि तुलनेसाठी ४७ गावे होती. डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटलेला. त्याच गावांत काम सुरू होण्यापूर्वी अपुऱ्या दिवसांच्या तीन बाळांपैकी एक दगावत असे, नंतर ते प्रमाण दहांत एक इतके खाली आले. ना काचेची पेटी, ना रुग्णालय. बाळ होते ते घरातच, आईजवळ.

२०११ मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली. २०२० मध्ये जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे दिवसांआधी जन्मली. त्यांतली ३० लाखांहून अधिक एकट्या भारतात, कोणत्याही देशापेक्षा जास्त. मोहोळ तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी झोळीचा वजनकाटा घेऊन येते, तापमान पाहते, बाळ दूध ओढते का ते बघते. घरातली म्हातारी तिला हमखास विचारते, सातव्यातलं की आठव्यातलं? आशाताई आठवडे मोजून सांगते.